माडाच्या शेंड्यावर पाणी चढवतो कोण?

आळशी कासव
रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. डोंबिवली, सात मजले, लिफ्ट चालते तेव्हा चालते. विषय एकच: पाण्याची मोटर जळाली. वर्षात तिसऱ्यांदा. खालची टाकी तुडुंब, गच्चीवरची ठणठणीत. कॉइल परत भरून घ्यायची की नवी मोटर आणायची यावर दीड तास खल झाला. शेवटी तळमजल्यावरचे एक आजोबा उठले आणि म्हणाले, "तो कंपाउंडातला माड बघा. पाचव्या मजल्याच्या वर गेलाय. त्याला कुठाय मोटर? तरी शेंड्याला शहाळी लागतात!"

सगळे हसले आणि सभा चहावर संपली. माझ्या डोक्यात मात्र भुंगा शिरलाय. दहावीत या प्रश्नाला काहीतरी लिहून दोन मार्क मिळवले होते एवढं आठवतं, काय लिहिलं ते आठवत नाही. तर जाणकारांनो, माडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढवतो कोण?

चहाबाज
पहिला!
उत्तर: वॉचमन.

अर्धवटराव
केशाकर्षण. बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं, नळी जितकी बारीक तितकं जास्त. दोन मार्क. धागा बंद करा.

तर्कट
केशाकर्षण नव्हे. हिशोब करून बघा. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी केशाकर्षणाने जेमतेम ३० सेंटिमीटर चढतं. झाडांच्या जलवाहिन्या साधारण याच मापाच्या, काही त्याहून रुंद. म्हणजे कुंडीतल्या तुळशीचंही धड भागणार नाही, माड लांबच राहिला.

आता कोणीतरी म्हणेल की पानं पाणी वर ओढतात. तेही जमत नाही. वरून ओढून पाणी १०.३ मीटरपेक्षा जास्त चढत नाही, कारण ते खरं तर आपण ओढतच नसतो, बाहेरच्या हवेचा दाब त्याला ढकलत असतो आणि त्या दाबाची ताकद तेवढीच. पाचवा मजला म्हणजे १५ मीटर तरी आहे.

तेव्हा मोटर आहे. खाली आहे. मुळात.

नांगरट
तर्कटसाहेब, १०.३ मीटर तुमच्या पुस्तकात. आमच्या विहिरीवर मोनोब्लॉक (काठावरून पाणी ओढणारी मोटर) वीस-बावीस फुटांच्या खालचं पाणी उचलत नाही. फूटव्हॉल्व्ह गळका असेल तर तेवढंही नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आमचे वडील मोटर दोरानं बांधून विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवायचे. त्यांची कंबर त्यातच गेली. मग सबमर्सिबल आली. ती ढकलते, त्यामुळे कितीही खोल असो.

तुमच्या मुळातल्या मोटरचा पुरावा माझ्याकडे आहे. आमचा द्राक्षबाग आहे, दिंडोरी तालुका. छाटणी झाली की जमिनीत ओल चांगली असेल तर काडीच्या कापलेल्या टोकातून पाणी टपटप गळतं. वेलीवर तेव्हा एक पान नसतं. मग वरून ओढणार कोण? खालूनच येतंय ना ते?

तर्कट
@नांगरट, धन्यवाद. केस क्लोज्ड.

चहाबाज
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुणीतरी बॉटनीवालं येणार.

मूलरोम
आले. एकतीस वर्षं कॉलेजात हेच शिकवलंय, त्यामुळे जरा लांब लिहिते.

नांगरटभाऊंनी पाहिलं ते अगदी खरं आहे. त्याला मूलीय दाब म्हणतात. मुळं जमिनीतले क्षार आत ओढून साठवतात, मग क्षारांच्या मागोमाग पाणी आत येतं. मीठ लावलेल्या कैरीतून पाणी बाहेर येतं ना, तेच तत्त्व, फक्त इथे मीठ आत आहे. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने छाटलेल्या द्राक्षवेलीला काचेची नळी जोडून हा दाब मोजला होता. पाणी वीस फुटांच्या आसपास चढलं. त्याचं पुस्तक १७२७ सालचं आहे.

पण भाऊ, एक आठवून सांगा. पानं फुटून बाग हिरवीगार झाल्यावर भर दुपारी काडी कापलीत तर पाणी गळतं का? नाही गळत. उलट कापलेलं टोक कोरडं पडतं, पाणी आत ओढलं जातं. म्हणजे ज्या वेळी झाडाला सगळ्यात जास्त पाणी लागतं, नेमकी तेव्हाच ही मुळातली मोटर कुठे दिसत नाही. आणि उंच झाडांपैकी कितीतरी झाडांत ती मोजण्याइतकी सापडतच नाही.

ओढणं वरूनच होतं. फक्त स्ट्रॉने ओढतो तसं नाही. स्ट्रॉत आपण हवा काढून घेतो आणि बाहेरची हवा पाण्याला ढकलते, तर्कटांची १०.३ मीटरची अट त्या ढकलण्याला आहे. जलवाहिनीत मुळी हवाच नाही. मुळाच्या टोकापासून पानाच्या शिरेपर्यंत सलग पाणी भरलेलं आहे आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून बघा, सरकतील पण उचकटायला जीव जाईल. वर पानातून पाण्याची वाफ होऊन गेली की मागचं पाणी पुढे सरकतं आणि हा ओढा थेट मुळापर्यंत पोचतो. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ मध्ये हे मांडलं.

आणि आता गंमत. अर्धवटरावांचं उत्तर बरोबर आहे, जागा चुकली. तर्कट, तुमचाच केशाकर्षणाचा हिशोब खोडातल्या नळीला लावण्याऐवजी वर पानाला लावा. पानातल्या पेशीभित्तिका धाग्यांच्या विणलेल्या असतात आणि त्या धाग्यांमधली छिद्रं नॅनोमीटरच्या मापाची. १० नॅनोमीटर त्रिज्या धरा आणि किती उंचीचं पाणी पेलवेल ते काढा.

तर्कट
काढलं. दीड किलोमीटर.
थोडा वेळ द्या.

अर्धवटराव
मी म्हटलंच होतं. केशाकर्षण. (जागेचे मार्क कापू नयेत.)

आळशी कासव
मूलरोम मॅडम, _/\_. पण वाफ व्हायला ऊर्जा लागणार. वीजबिल कोण भरतं?

मूलरोम
ऊन आणि कोरडी हवा. झाड स्वतः जवळजवळ काहीच खर्च करत नाही. आलेल्या पाण्यातलं शंभरातलं एखाद-दोन टक्के अंगी लावतं, बाकी सगळं पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, उडून जातं. ही उधळपट्टी हौसेची नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायला दार उघडावं लागतं आणि उघड्या दारातून पाणी जातंच.

तर्कट
थोडा वेळ घेतला, अजून पटलेलं नाही. मान्य की ओढ पुरेशी आहे. ५० टक्के आर्द्रतेची हवा पाण्याला सुमारे ९०० हवादाबांच्या ताकदीने ओढू शकते, हाही हिशोब मी आत्ता केला, आणि आकडा बघून थोडा हबकलोच. पण पाणी ताणलं जातं म्हणजे काय? पाणी म्हणजे काय रबर आहे? दाब उणे झाला की पाण्यात बुडबुडे होतात. पंपात आम्ही हे रोज भोगतो, इंपेलरचे, म्हणजे पंपातल्या फिरत्या चक्राचे, लचके तोडलेले असतात. एक बुडबुडा झाला की नळी संपली.

मूलरोम
हाच या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि वर्गात तो एकतीस वर्षांत दोनदाच आला.

बुडबुडे होतात. झाडाला ताण पडला की जलवाहिनीतला पाण्याचा स्तंभ तुटतो आणि चक्क आवाज होतो. मिलबर्न आणि जॉन्सन यांनी १९६६ मध्ये पानाच्या देठाला संवेदक लावून ते टिक-टिक आवाज ऐकले होते. पण झाडाकडे एक नळी नाही, हजारो आहेत, आणि प्रत्येक नळी तुकड्यातुकड्यांची. दोन तुकड्यांच्या मध्ये बारीक छिद्रांचा पडदा. त्यातून पाणी जातं, बुडबुडा अडतो. एक तुकडा बाद झाला तर पाणी शेजारच्या नळीतून वळसा घेतं.

ताण खरोखर असतो हे मोजलंही आहे. शोलँडर या शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये एक लोखंडी भांडं वापरलं. फांदी तोडली की तिच्यातलं ताणलेलं पाणी रबरासारखंच आत पळतं. ती फांदी भांड्यात अशी बसवायची की कापलेलं टोक बाहेर राहील, मग आत हवेचा दाब वाढवत न्यायचा. ज्या दाबाला टोकाशी पाणी परत दिसेल तेवढा आधी फांदीत ताण होता. उंच झाडाच्या शेंड्याची डहाळी मिळवायला त्यांनी काय केलं असेल? दुर्बीण लावलेल्या बंदुकीने पाडली.

चहाबाज
आता बॉटनीला ॲडमिशन घ्यावी म्हणतो.

देशाभिमानी दगडू
सगळे परदेशीच. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी सांगितलं होतं की खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या धडधडतात आणि पाणी वर ढकलतात. पण त्यांना कोण विचारतो?

मूलरोम
बोसांबद्दल मला आदरच आहे. झाडाची सूक्ष्म हालचाल मोजणारी त्यांची यंत्रं पाहून लोक थक्क व्हायचे. रस वर कसा चढतो यावर त्यांचं १९२३ चं अख्खं पुस्तक आहे. पण पेशी धडधडून पाणी चढत असेल तर पेशी मारल्यावर ते थांबायला हवं. जर्मनीतल्या श्ट्रासबुर्गरने बोसांच्याही आधी हा प्रयोग केला होता. वीस मीटरच्या आसपास उंचीचं झाड बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभं केलं. खोडातल्या पेशी मेल्या, तरी द्रावण शेंड्यापर्यंत चढत राहिलं. पानं मेल्यावर मात्र थांबलं.

बोसांना चुकण्याचा हक्क आहे. मोठ्या माणसांना तो असावाच.

देशाभिमानी दगडू
ठीक. पण पुस्तक वाचलंय का कुणी?

मूलरोम
मी वाचलंय. आलेख सुंदर आहेत.

पोफळी
माडाचा धागा आणि कोकणातलं कोणीच नाही? माझं माहेर दिवेआगर, म्हणून लिहिते. आमच्याकडे माडावर चढायला बुंध्यात खाचा पाडलेल्या असत. खालपासून वरपर्यंत, बोटभर खोल. आंब्याची साल कुणी अशी गोल काढली तर आंबा मरतो असं बाबा ओरडायचे. मग माडाला इतक्या खाचा पाडून तो कसा जगतो? हे तेव्हापासून मनात आहे.

आणि दुसरं, माडीचं काय? पोय (माडाचा कोवळा फुलोरा) बांधून रोज तासायची, खाली मडकं लावायचं, सकाळ-संध्याकाळ रस गोळा करायचा. ते पाणी कोण चढवतं?

सूरसम्राट
गोंयांत आमी तिका सूर म्हणटात. तो काढपी रेंदेर. वर कोण चडयता तें खबर ना, सकयल कोण देंवयता तें खबर आसा. :)

नांगरट
पोफळीताई, आमच्याकडे द्राक्षाला मुद्दाम साल काढतात. मणी ज्वारीएवढे झाले की खोडावरून सालीचं बारीक कडं सोलायचं. गर्डलिंग म्हणतो आम्ही. पानात तयार झालेला माल खाली मुळाकडे जात नाही, वरच अडतो, मणी फुगतो. पाणी मात्र चालू राहतं, कारण ते आतल्या लाकडातून येतं. पण कडं रुंद झालं किंवा सुरी लाकडात शिरली की वेल गेली समजा. पहिल्या वर्षी मी अकरा वेली घालवल्या.

आणि मॅडम, परवा दुपारी बारा वाजता काडी कापून बघितली. कोरडी. तुमचं खरं आहे.

मूलरोम
नांगरटभाऊ, तुम्ही माझं अर्धं लेक्चर घेतलंत. आंब्यात अन्न नेणाऱ्या रसवाहिन्या सगळ्या सालीत, एका कड्यात. ते कडं तोडलं की मुळं उपाशी मरतात. माडात साल आणि लाकूड असा भेदच नाही. जलवाहिन्या आणि रसवाहिन्या यांचे जुडगे बुंधाभर विखुरलेले असतात, काथ्याचे धागे पसरावेत तसे. खाच पाडली तर काही जुडगे तुटतात, बाकीचे चालू.

पण त्याची किंमत आहे. आंबा दरवर्षी नवं लाकूड, नव्या नळ्या घालतो. माडाला ती सोय नाही. बुंध्यात जेवढ्या नळ्या पहिल्यांदा तयार झाल्या तेवढ्याच. पन्नास वर्षांच्या माडाच्या तळातल्या नळ्या पन्नास वर्षांच्याच आहेत आणि त्या रोज चालतात. खाच भरूनही येत नाही, म्हणून जुन्या माडावर आजोबांच्या वेळच्या खाचा दिसतात.

आळशी कासव
आणि आमची मोटर वर्षात तीनदा.

दूरदेशीचा गाववाला
कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून. इथे उत्तरेला रेडवुडची जंगलं आहेत. सगळ्यात उंच झाड ११५ मीटरच्या वर, म्हणजे पस्तीस-छत्तीस मजले. त्याची नेमकी जागा सांगत नाहीत, लोक जाऊन मुळं तुडवतात म्हणून. २००४ मध्ये संशोधक या झाडांच्या शेंड्यावर चढले तेव्हा दिसलं की वरची पानं बारकी आणि खवल्यांसारखी, कारण एवढ्या उंचीवर पाणी ओढायलाच इतका ताण लागतो की पान फुगून मोठं होऊ शकत नाही. त्यांच्या अंदाजाने १२२ ते १३० मीटरच्या वर झाड जाणारच नाही. शिवाय ही झाडं धुक्यातलं पाणी थेट पानांतून पितात. म्हणजे वरूनही टँकर.

ऑरेंज सिटी
आमच्या इकडे संत्र्याले ताण देतेत. बहार धरायचा असला की पाणी बंद. झाड मलूल होते, पानं गळतेत. मग पाणी सोडलं की फुलंच फुलं. माणसाले असा ताण देल्ला तर राजीनामा देते.

कुंडीतला वड
थोडं अवांतर, पण माझा खरा प्रश्न. पुण्यात बाल्कनीत दुधीचा वेल लावलाय. दुपारी माना टाकतो. मी पाणी घालतो. संध्याकाळी टवटवीत. दुसऱ्या दिवशी परत तेच. आता पाणी दुपटीने घालतोय तर दुपार सोडून सकाळीही माना टाकायला लागलाय. अजून वाढवू का?

नांगरट
थांबा! मारून टाकाल.
दुपारी भोपळवर्गीय वेल माना टाकतातच. पानं परातीएवढी, मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत. संध्याकाळी तुम्ही पाणी घातलं नसतं तरी ते उठले असते. बोट मातीत घालून बघा. आता चार दिवस पाणी बंद. वाफसा येऊ द्या.

कुंडीतला वड
वाफसा म्हणजे?

नांगरट
शहरी माणसाला कसं सांगू. पाऊस झाल्यावर लगेच शेतात पाय टाकला तर चिखल, फार उशिरा टाकला तर ढेकळं. मधे एक वेळ येते, माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने ढकलला तर फुटतो. तो वाफसा. मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे. मुळांना दोन्ही लागतं.

मूलरोम
बरोबर. पाण्यात बुडालेल्या मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ती पाणी आत घेणं कमी करतात आणि मग कुजतात. झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात तर हवाही दमट, पानं फारसं ओढतच नाहीत, तेव्हा कुंड्यांना वेगळं पाणी घालणाऱ्यांनी हात आवरावा. खत जास्त झालं तरी वेल अशीच कोमेजते. तेव्हा मातीतच मीठ जास्त, म्हणजे थेट कैरीचाच प्रकार.

पोफळी
खाडीच्या कडेच्या तिवरांना कसं चालतं मग? ती तर खाऱ्या पाण्यातच उभी.

मूलरोम
तिवराचं पान चाटून बघितलंयत कधी? खारट लागतं. मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात आणि आत आलेलं पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतात. उन्हात पानावर पांढरे कण चमकतात ते तेच.

चहाबाज
म्हणजे चखणा सोबतच.

अर्धवटराव
आमच्या मागच्या अंगणात अळू आहे. सकाळी प्रत्येक पानाच्या टोकाला एक थेंब लटकलेला असतो. बायको म्हणते दव. पण दव पडलं असेल तर सगळ्या पानावर पडायला हवं ना? टोकालाच का? आणि पानावर पाणी ओतलं तर राहत नाही, गोळी होऊन पळतं. म्हणजे अळवावरचं पाणी एक आणि अळवातलं दुसरं?

मूलरोम
दुसरंच. पानावर मेणाचा थर आणि सूक्ष्म उंचवटे आहेत, म्हणून वरचं पाणी टिकत नाही. टोकाचा थेंब आतून आलेला. रात्री पर्णरंध्रं मिटलेली, हवा दमट, माती ओली. वरून ओढ नाही, पण मुळं ढकलत राहतात. मग ते पाणी टोकाच्या खास छिद्रातून बाहेर. तर्कटांची मोटर ती हीच. रात्रपाळीची आणि बुटक्या झाडांची.

तर्कट
रात्रपाळी मान्य. बाकी हरलो. पण एक राहिलं. धागाकर्त्याने विचारलं माडाबद्दल आणि आजोबा म्हणाले होते शहाळ्याबद्दल. शहाळ्यातलं पाणी वाफ होऊन जात नाही. तिथे ओढ कसली?

आळशी कासव
हेच विचारायला आलो होतो! दरम्यान लेकीबरोबर प्रयोग केला. निशिगंधाची काडी निळ्या शाईच्या पाण्यात ठेवली, एक पंख्यासमोर आणि एक बंद कपाटात. पंख्यासमोरची संध्याकाळपर्यंत निळी, कपाटातली जवळपास पांढरीच. पण शहाळं कपाटासारखंच बंद आहे की.

मूलरोम
छान प्रयोग. आणि तुम्ही दोघांनी मला रंगेहाथ पकडलंत.

शहाळ्यात पाणी येतं ते बरंचसं दुसऱ्या रस्त्याने, रसवाहिन्यांतून. झावळ्यांत साखर तयार होते, ती रसवाहिनीत भरली जाते, साखरेपाठोपाठ शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी तिथे शिरतं आणि दाब वाढतो. हा दाब रसाला जिथे साखर खपते तिकडे ढकलतो: मुळाकडे, पोयीकडे, फळाकडे. पोफळीताई, पोय तासली की या दाबाखालच्या नळीला भोक पडतं, म्हणून माडी गळते आणि म्हणून ती गोड. पाणी मुळापासून झावळीपर्यंत ओढून आणलेलं, तिथून शहाळ्यापर्यंत ढकलत नेलेलं.

आणि शहाळ्यातलं पाणी म्हणजे नुसतं साठवलेलं पाणी नाही. तो बीचा अन्नसाठाच आहे, अजून द्रव असलेला. त्यात पेशीकेंद्रं मोकळी तरंगत असतात. पुढे कडेने पेशी तयार होत जातात, त्याचं खोबरं होतं. मलई म्हणजे मधली अवस्था.

चहाबाज
पेशीकेंद्रं?? मी आजच दोन शहाळी प्यायलो.

आळशी कासव
आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मोटर नाहीच ना? मग मी काय वेगळं बोललो?" मोटर उद्या येतेय. माडाच्या मुळाशी पाइपसाठी खणायचं की नाही यावर पुढची सभा.

नांगरट
खणू नका. मुळं वरच असतात त्याची, तंतूंसारखी. लांबून न्या.

बरं, निघतो. रात्रीची लाईट आली, मोटर चालू करायला विहिरीवर जायचंय.